टीव्हीचा पदर

तरुणपणी मी टीव्ही दुरुस्ती शिकलो, पोस्टानं. दर महिन्याला दिल्लीहून एक जाड पाकीट यायचं, त्यात एक धडा. मी तो लिंबाखाली बाजेवर पडून वाचायचो, खालच्या प्रश्नांची उत्तरं पाठवून द्यायचो आणि पुढचे चार दिवस गावाकडं जरा वरून बघायचो. शेवटचा धडा रंगीत टीव्हीचा होता. तो घरी आला, पण माझ्या हातात पडायच्या आत मायनं त्याच्या पुड्या करून खुरपायला आलेल्या बायांना शेंगदाणे बांधून दिले. कागद चांगला जाड होता म्हणाली. रंगीत टीव्हीचं माझं ज्ञान त्या दिवशी असं घरोघर वाटलं गेलं, ते पुन्हा गोळा झालं नाही.

काळ्या-पांढऱ्या टीव्हीची परीक्षा मात्र मी पास आहे. अडचण एवढीच, की आमच्या गावात काळा-पांढरा टीव्ही कधी आलाच नाही. आला तो एकदम रंगीत.

आमचं गाव शिरूर कासारवरून आष्टीकडं जाताना लागतं. म्हणजे लक्ष देऊन बघितलं तर लागतं. दसरा झाला की अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्याला जातं आणि उरलेलं अर्धं त्यांची म्हातारी माणसं आणि शेळ्या सांभाळत बसतं. या उरलेल्या अर्ध्यानं एक दूध संस्था काढली होती. माझे वडील, अण्णा, तिचे चेअरमन. एका वर्षी तालुक्याच्या संघानं बक्षीस लावलं: ज्या संस्थेच्या दुधात सगळ्यात कमी पाणी निघेल, तिला रंगीत टीव्ही. आमची संस्था पहिली आली. सत्काराच्या वेळी अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं. अण्णा म्हणाले, "यंदा आमच्याकडं मानसाला प्यायला पानी न्हाई, दुधात घालायला कुठून आनावं?" सभेत मोठा हशा पिकला. अण्णा विनोद करत नव्हते.

टीव्ही संस्थेच्या खोलीत बसला. चार पायांचं लाकडी खोकं, पुढं बारीक फळ्यांची दोन सरकती दारं, दारांना कुलूप. कुलपाची किल्ली अण्णांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. संध्याकाळी दूध घालून झालं की बाया रिकाम्या चरव्या मांडीशी घेऊन तिथंच बसायच्या. ज्याचं दूध जास्त तो पुढं, असा न लिहिलेला नियम. सगळ्यात पुढं, डाव्या हाताला भिंतीला टेकून, आमच्या एक काकू बसायच्या. काकू म्हणजे अण्णांच्या थोरल्या चुलतभावाची बायको. त्यांच्या गाई दूध भरपूर द्यायच्या, आणि काकू बोलायच्याही त्याच मापानं.

आता टीव्हीची एक खोड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विहिरीला पाणी असलं की आमच्याकडं संध्याकाळी सगळ्या मोटारी एकदम चालू होतात. सगळ्या गावानं एकाच घागरीला तोंड लावावं तसं विजेचं होतं, व्होल्टेज खाली जातं. व्होल्टेज खाली गेलं की टीव्हीतलं चित्र आकसायचं. उजव्या बाजूला बोटभर काळी पट्टी यायची आणि डाव्या बाजूला चांगली वीतभर. लुगड्याला काठ बारीक आणि पदर मोठा असावा, तसं. बाया त्याला टीव्हीचा पदरच म्हणायच्या. "पदर वाढला, सगळ्या मोटारी चालू झाल्या, चला घरला."

हा पदर नेमका काकूंच्या बाजूला यायचा.

"चेअरमन, सगळ्यात जास्ती दूध माझं, अन् चित्र मलाच कमी? माझ्याच बाजूचं कावून कापता?"

"वहिनी, मी काय कात्री घेऊन बसलोय का?"

"मंग तिकडल्या बाजूचं कावून कापत न्हाई त्यो?"

पदर जावा म्हणून संघानंच टीव्हीसोबत एक स्टॅबिलायझर दिला होता. लोखंडी डबा, त्याला एक खटका. खटका जेवढा उजवीकडं फिरवावा तेवढं व्होल्टेज वाढायचं. कमी करणं त्याला ठाऊकच नव्हतं, बिचारा एकाच रस्त्याचा वाटसरू. अण्णा रोज संध्याकाळी मोटारी घरघरायला लागल्या की आधी खटका पार शेवटपर्यंत फिरवायचे, कट् कट् कट् कट्, मग टीव्ही लावायचे. पदर तरीही यायचाच, जरा कमी. पण देवळात शिरताना घंटा वाजवावी तसा तो खटका आमच्या अंगवळणी पडला. कट् कट् ऐकू आलं नाही तर टीव्ही लागला असं आम्हांला वाटायचंच नाही.

मग तो मोठा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरं चाऱ्याच्या छावणीत गेली, दूध बंद झालं आणि संस्थेला कुलूप लागलं. टीव्हीही त्याच सुमाराला बंद पडला. खोली भाड्याची होती, ती सोडायची, म्हणून अण्णांनी टीव्ही गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून आमच्या घरी आणला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. इथंच त्यांचं चुकलं. गाडी आमच्या दारात थांबलेली सगळ्या गावानं बघितली, टीव्ही परत गेलेला कुणी बघितला नाही.

"चेअरमननं टीव्ही खाल्ला," काकू म्हणाल्या.

अण्णांनी आयुष्यात संस्थेच्या कॅनमधलं कपभर दूध घरी आणलं नाही. चहा पाहिजे असला तर घरच्या शेळीचा. त्या माणसाला हे लागलं. "दुरुस्तीला हाय," ते सांगायचे. "संस्था सुरू झाली की देतो." संस्था काही सुरू झाली नाही. टीव्ही आमच्या माजघरात गोधडीखाली बसून राहिला, आणि काकू लग्नात, बारशात, दहाव्याला, कुठंही अण्णा दिसले की विचारत राहिल्या, "चेअरमन, आला का टीव्ही दुरुस्त होऊन? का अजून पचतोय?" लोक हसायचे. अण्णाही हसायचे. घरी आल्यावर जेवायचे नाहीत.

अशात मी शाळेत कारकून झालो, माझं लग्न झालं, केस पांढरे झाले, कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर पिवळं पडलं.

परवाच्या दुष्काळात, ऐन उन्हाळ्यात, गावातल्या सुना चावडीपुढं जमल्या आणि त्यांनी ठरवलं, की पाऊस झाला तर पोळ्यानंतर दूध संस्था पुन्हा सुरू करायची. ही बातमी मायनं अण्णांना सांगितली. अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढं गेलेले, कानानं अधू, पण एवढं बरोबर ऐकू आलं. त्यांनी मला हाक मारली.

"पहिलं दूध मापाला पडंल त्या दिवशी टीव्ही त्या खोलीत चालू पायजे."

"अण्णा, आता कोण बघतंय तो? नवा घेऊ. पातळसा. भिंतीला अडकवायचा."

"नवा नगं. ज्यो आनला त्योच द्यायचा. चालू."

"जुन्या टीव्हीला आता माणूस मिळत न्हाई."

अण्णांनी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी म्हणालो, "बघतो."

आमची बायको चुलीपुढून म्हणाली, "मामंजी, घरातला मिक्सर ह्यांच्याकडंच दुरुस्तीला हाय. पोरीच्या लग्नापासून."

टीव्ही अंगणात काढला. गोधडी ओढली तेव्हा एवढी धूळ उडाली, की शेजारी वादळ आलं म्हणून वाळवण गोळा करायला धावले. मागचं झाकण उघडलं. आत कुंभारीण माश्यांनी मातीची घरं बांधली होती, चांगली चाळच्या चाळ. पालीची अंडी होती. कोपऱ्यात उंदरानं मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं अंथरूण केलं होतं. या सगळ्याच्या खाली कुठंतरी टीव्ही होता. मी गंभीर चेहरा करून पेचकस फिरवला आणि म्हणालो, "हं." धड्यांमध्ये हे शिकवलेलं नव्हतं, ते मी डॉक्टरांकडून उचललं.

एकट्यानं होणार नाही हे संध्याकाळपर्यंत ध्यानात आलं. मग मी माझ्या शाळूसोबत्याला बोलावलं. हा विहिरीवरच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळतो. दुष्काळात सगळ्यात आधी रिकामा होतो तो हा माणूस. विहिरीत पाणी नाही म्हणून मोटार चालत नाही, चालत नाही म्हणून जळत नाही. तो हत्यारांची पिशवी घेऊन धावतच आला, टीव्हीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "बेरिंग गेलीय."

"अबे, टीव्हीला बेरिंग नसते."

"मंग फिरतंय काय आतमंदी?"

"काय फिरत न्हाई."

"तर मंग हे बिघडंलच कसं?"

अशी आमची जोडी जमली. मला नावं येत होती, त्याला डाग, म्हणजे सोल्डरिंग, देता येत होता. मी पुस्तकात वाचलेलं नाव घ्यायचो, तो भलत्याच ठिकाणी डाग द्यायचा. फुगलेले कपॅसिटर आम्ही बदलले, जळकी फ्यूज बदलली, सुटलेले टाके पुन्हा जोडले आणि जे कळलं नाही त्यावर फुंकर मारली. शाळा सुटली की मी थेट अंगणात. बायको म्हणायची, इतकी ओढ माझ्याकडं बघून कधी दिसली न्हाई.

एक दिवस तो लागला. चित्र नाही, पण काच उजळली, आणि आतून 'सूं' असा आवाज आला. मी घाईघाईनं बंद केला आणि आनंदानं आत हात घातला. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये करंट शिल्लक राहतो, हाताळू नये, हे वाक्य मला पाठ होतं. खरं सांगायचं तर हात घालताना मी ते मनातल्या मनात म्हणतही होतो. मी बाजेवर जाऊन पडलो. बाज मोडली. माय आतून ओरडली, "काय मोडलं?" सोबती म्हणाला, "काय न्हाई मामी, बाज हाय. टीव्ही ठीक हाय."

जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाचं भोक, आणि आताच्या डिशच्या बॉक्सला तीन रंगांच्या वायरी. सोबत्याच्या भंगारात अँटेनाची पिन असलेला एक जुना बॉक्स निघाला. तो जोडला आणि चित्र आलं. अख्खं. काठोकाठ. बातम्या देणारी एक बाई आली, पण तिचा अर्धा चेहरा हिरवा. मागं झेंडा होता, तोही सगळा हिरवा. मायनं विचारलं, "ह्या बाईला कावीळ झाली का?"

याचं कारण अण्णा. संस्थेचा भोंगा, दूध घालायला या म्हणून ओरडणारा, त्यांनी टीव्हीबरोबरच घरी आणून त्याला चिकटून ठेवला होता. भोंग्यात लोहचुंबक असतं. वर्षानुवर्षं शेजार घडला, ट्यूबला त्याची लागण झाली. हे उतरवायचं तर तारेचं मोठं कडं करून, त्यात वीज सोडून, काचेसमोर गोल गोल फिरवायचं आणि फिरवत फिरवत हळूहळू मागं यायचं. हे मी मोबाईलवर बघितलं. आणि तार गुंडाळणं म्हटल्यावर सोबत्याच्या अंगात आलं. परातीएवढं कडं त्यानं एका बैठकीत भरलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते काचेसमोर धरून ओवाळायला सुरुवात केली. माय कौतुकानं बघत होती. एवढं ओवाळताय तर, म्हणून तिनं टीव्हीला हळदीकुंकूही लावलं. हिरवा रंग खरोखर हलायला लागला, जांभळा झाला, लाल झाला, विरत चालला.

"माग ये, माग ये," मी ओरडत होतो. "हळू. फिरवत फिरवत. आनखी माग."

तो आला मागं. मागं टँकरचं पाणी भरून ठेवलेलं पिंप होतं. मी कडं बघत होतो, तो काच बघत होता, पिंपाकडं कुणी बघत नव्हतं. घरात चार दिवसांचं पाणी होतं, ते अंगणात पसरलं आणि बघता बघता भुईनं पिऊन टाकलं.

चेहरे सगळे जिथल्या तिथं आले होते. बातम्यांतली बाई गोरीपान. मायचा चेहरा मात्र त्या दिवशी कोणत्या रंगाचा होता हे सांगायची माझी हिंमत नाही. "पानी गेलं ते गेलं," ती म्हणाली, "आता तुमी दोघंबी दाढ्या-आंघोळ्या टीव्हीतच करा."

तरी त्या संध्याकाळी घर खूश होतं. आम्ही टीव्ही पुसला, खोक्याला तेल लावलं, शटरची दारं सरकती केली. अण्णांना खुर्ची मांडली. त्यांनी गळ्यातली किल्ली काढून कुलपाला लावली, बसली. आता थाटात लावून दाखवायचा, म्हणून मी माळ्यावरून तो लोखंडी स्टॅबिलायझर काढला.

"लाव की," सोबती म्हणाला, "त्याच्याबिगर टीव्ही वाटतच न्हाई."

"लाव," अण्णा म्हणाले.

मी खटका फिरवला. कट् कट् कट् कट्. तो आवाज ऐकून मायसुद्धा बाहेर येऊन बसली. मी टीव्ही लावला. फाट्ट असा आवाज झाला, मागून निळा धूर निघाला आणि जळक्या रबराचा वास अंगणभर पसरला.

मी वायर उपसली. मग अण्णा म्हणाले, "असाच गेलता."

"म्हंजे?"

"त्या दिवशीबी असाच गेलता. खोलीत मी एकलाच. छावणी पडलेली, कुनी येत नव्हतं. म्हनलं, जरा लावून बघावा. खटका फिरिवला अन् असाच आवाज झाला."

एवढी वर्षं ते हे कुणालाच बोलले नव्हते. टीव्ही का बिघडला ते त्यांनाही कळलं नव्हतं. आता माझ्या डोक्यात उजेड पडला, नेहमीसारखा धूर निघाल्यावर. दुष्काळात मोटारी बंद. मोटारी बंद म्हणून व्होल्टेज आधीच पुरेपूर, उलट चढलेलं. त्यावर आम्ही खटका फिरवून आणखी चढवलं. सुगीच्या दिवसांतली सवय आम्ही बापलेकांनी दुष्काळात चालवली, त्यांनी एकदा, मी एकदा. घराण्यात कुठलं शहाणपण उतरलं नाही असं मला कुणी म्हटलं, तर मी हे दाखवतो.

मायनं स्टॅबिलायझर उचलला आणि आत नेला. तो पुन्हा माझ्या दृष्टीस पडू नये अशी तिची इच्छा असावी.

चित्राला लागणारा मुख्य ट्रान्सफॉर्मर गेला होता. बीडला विचारलं, नगरला विचारलं, दुकानदार माझ्याकडं असे बघायचे की जणू मी बैलगाडीचं टायर मागतोय. शेवटी सोबत्यानं एक युक्ती काढली.

"बे, पातळ टीव्ही आन अन् ह्या खोक्यात बसीव. शटर उघडलं की चित्र दिसतंय, मंग आत काय हाय कोन बघतंय?"

युक्ती चांगली होती. एवढी चांगली की मी लगेच अण्णांना सांगितली. अण्णांनी ऐकून घेतलं. "खोकं संस्थेचं अन् चित्र दुसऱ्याचं," ते म्हणाले. "मंग वहिनी खोटं बोलत नव्हती म्हनायची." आणि भिंतीकडं तोंड करून पडले. त्या दिवशीही जेवले नाहीत.

मग शोध सुरू झाला. सोबत्याच्या मेव्हण्याकडून कळलं, की लिंबागणेशला एका चहाच्या हॉटेलवाल्याकडं अगदी याच कंपनीचा टीव्ही मागच्या छपरात पडलाय. आम्ही फटफटीवर गेलो, आधी गणपतीला हात जोडले, मग हॉटेलात दोन चहा पिऊन विषय काढला.

"न्या की," मालक म्हणाला. "पर आता न्हाई देता यायचा."

"का?"

त्यानं आम्हांला छपरात नेलं. टीव्हीला मागचं झाकण नव्हतं. आत बोर्डावर गवत पसरून एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. नेमका आमचा ट्रान्सफॉर्मर तिच्या पोटाखाली. तिनं आमच्याकडं एक डोळा करून बघितलं.

"अंडी उचलून टोपलीत ठेवू," मी म्हणालो.

"मालक, तुमच्या घरी बाळंतीन हाय तिला टोपलीत ठिवता का?" हॉटेलवाला म्हणाला. "बसलेली कोंबडी उठवायची न्हाई. पिल्लं निघू द्या."

मग आमची संस्था, अण्णांची अब्रू आणि माझा कोर्स, सगळं त्या कोंबडीवर येऊन थांबलं. मी दर रविवारी लिंबागणेशला जायचो, चहा प्यायचो, छपरात डोकवायचो. हॉटेलवाल्याला वाटलं मला पिल्लांचं वेड आहे. बायकोला वाटलं लिंबागणेशला भलतंच काहीतरी आहे. तिला मी खरं सांगितलं, तर म्हणाली, "खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोला."

पिल्लं निघाली. ट्रान्सफॉर्मर काढला, खरडून धुतला, वाळवला, बसवला. मधल्या दिवसांत पाऊस झाला, उशिरा पण झाला. विहिरींना पाणी आलं, पोळा झाला, बैल मिरवले. आणि टीव्ही लागला. भर दुपारी, स्टॅबिलायझरशिवाय, चित्र पुन्हा काठोकाठ. मी कुणाला हात लावू दिला नाही. मी स्वतःही लावला नाही.

संस्थेची नवी खोली ग्रामपंचायतीच्या मागं. पहिलं दूध मापलं गेलं, पेढे वाटले, सुनांनी अण्णांना खुर्ची दिली. टीव्ही समोर, आपल्या चार पायांवर. आणि काकू आल्या, नातीचा हात धरून. पाठीत वाकलेल्या, पण चरवी स्वतःच्या हातात. विचारलंच नाही, सरळ पुढं गेल्या आणि डाव्या हाताला भिंतीला टेकून बसल्या.

अण्णांनी गळ्यातली किल्ली काढली. कुलूप दुसऱ्या झटक्यात उघडलं. शटर सरकलं. मी टीव्ही लावला. शेतीचा कार्यक्रम चालू होता, एक साहेब कांद्यावर बोलत होते. चित्र स्वच्छ, रंग जागच्या जागी, कडेला एक रेघसुद्धा काळी नाही. माझी छाती केवढी झाली होती ते माझ्या शर्टाच्या गुंड्यांना विचारा.

काकूंनी डोळे बारीक करून बघितलं.

"ह्यो न्हाई त्यो," काकू म्हणाल्या.

"वहिनी, त्योच हाय. ही बघा किल्ली."

"किल्ली कोन्त्याबी कुलपाला बसती. आपला टीव्ही असा भरून कवा दिसायचा? चेअरमन, त्यो तुमी इकलाच. ह्यो दुसराच कुठून तरी आनला."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. दोघी-तिघी जुन्या होत्या, त्यांनीही मान हलवली. खरंच, असा नव्हता दिसत. मी ट्रान्सफॉर्मर, कोंबडी, भोंगा सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि कोंबडीपाशी आल्यावर माझं मलाच खोटं वाटायला लागलं. अण्णा किल्ली मुठीत धरून खाली बघत बसले. एवढं बारीक झालेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. टीव्ही मी इतका चांगला दुरुस्त केला होता, की तो कुणाला ओळखूच येत नव्हता. आयुष्यात एकच काम मनापासून नीट केलं, त्याचं हे झालं.

बाहेर दिवस कलला. पावसानं उघडीप दिली होती, सगळीकडं कांद्याची लागवड चालू होती. विजेची वेळ झाली आणि माळाखालून एक मोटार घरघरली. मग दुसरी. मग नदीकडच्या सगळ्या.

कांद्यावर बोलणारे साहेब जरा फिके पडले. मग बारीक झाले. उजवीकडं बोटभर काळी पट्टी आली. डावीकडं पट्टी आली ती थांबेचना, सरकत सरकत वीतभर झाली.

"स्टॅबिलायझर!" मी मायच्या कानाशी कुजबुजलो. "कुठं ठिवला?"

"लोनच्याच्या बरनीवर. दाब म्हनून."

आता, जेव्हा त्याची खरीखुरी गरज होती, तेव्हा तो कैरीच्या फोडींवर बसला होता. मी धावत घरी जायला उठलो. अण्णांनी माझा हात धरला. म्हातारपणात माणसाच्या हातात एवढा जोर कुठून येतो कळत नाही.

"बस," ते म्हणाले.

काकू पुढं वाकून बघत होत्या. नाक पार काचेला लागेल इतक्या. मग त्या मागं टेकल्या, चरवी मांडीवर घेतली आणि खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"ह्योच हाय मुडदा. अजून माझ्याच बाजूचं कापतोय."

खोली अशी हसली की बाहेरचे लोक आत डोकावले. जुन्या बाया "पदर आला, पदर आला" म्हणून सुनांना दाखवायला लागल्या, आणि सुना, काय आलं म्हणून, मोबाईल काढून फोटो घ्यायला लागल्या. अण्णा हसत नव्हते. ते डोळे पुसत होते आणि वरून सांगत होते, "धूर गेला डोळ्यात." धूर नव्हता. त्या दिवशी तरी नव्हता.

"वहिनी, उजव्या अंगाला सरका," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तिकडून नीट दिसंल."

"कावून सरकू? माझी जागा हितं हाय."

अण्णांनी किल्ली संस्थेच्या नव्या चेअरमन सुनेच्या हातात दिली आणि आम्ही घरी निघालो. माळावर चहूकडून मोटारी चालू होत्या. वाटेत त्यांनी मला विचारलं, घरी काय केलंय जेवायला.

बाकी राहतो तो मी. सुनांनी दुसऱ्याच दिवशी मला बोलावलं आणि टीव्हीच्या डाव्या बाजूची ती काळी पट्टी काढून मिळेल का, असं विचारलं. मी सांगितलं, ती मला काढता येत नाही. इतक्या वर्षांत दुरुस्तीबद्दल मी पहिल्यांदाच खरं बोललो, आणि कुणाचा विश्वास बसला नाही.